म्युकरमायकोसिस: साधं अँफोटेरिसिन की लायपोसोमल?

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात म्युकरचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि त्यावरचं लायपोसोमल अँफोटेरिसिन हे इंजेक्शन मिळेनासं झालं. नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. अनेकांना साध्या अँफोटेरिसिनवरच भागवावं लागलं.

बुरशी मारणारं औषध दोन्हींत तेच. फरक पडतो किडनीला. साधं इंजेक्शन चार-सहा तास हळूहळू सोडतात. रुग्णाला हुडहुडी भरते, क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला घटक) चढतं, पोटॅशियम उतरतं. म्हणून आधी सलाइन देतात आणि रक्त वरचेवर तपासतात. (औषध मात्र सलाइनमध्ये मिसळायचं नाही, साका धरतो, डेक्स्ट्रोजच लागतं.) लायपोसोमलमध्ये तेच औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत बंद असतं, त्यामुळे रोज किलोमागे ५ मिग्रॅ देता येतं, साध्याचं जेमतेम १ ते १.५. म्हणजे ६० किलोच्या माणसाला लायपोसोमलच्या ५० मिग्रॅच्या सहा कुप्या रोज, तेही कित्येक आठवडे. खर्चाचा अंदाज तुम्हीच करा. दोन्हींच्या डोसची अदलाबदल झाली तर मात्र जिवावर बेततं.

मिळत आणि परवडत असेल तर लायपोसोमलच. मधुमेहाने किडनी आधीच थकलेली असेल तर प्रश्नच नाही. पण त्याची वाट बघत साधंही सुरू न करणं जास्त महागात पडतं. आणि सडलेला भाग ऑपरेशनने काढला नाही, तर दोन्ही तोकडीच.