मधलं व्हेरिएंट घेतलं आणि मागची काच राहिली: १४ महिने, १९ हजार किमी

गेल्या रविवारी चिपळूण-कराड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटात मागचा बंपर घासला, म्हणून लिहायला बसलोय. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाही. चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर, खालून दुसरं व्हेरिएंट (एकाच मॉडेलचे कमी-जास्त सोयींचे प्रकार असतात, त्यातलं). मायलेज हायवेला १९, चिपळुणात १५. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते मागच्या काचेबद्दल. या व्हेरिएंटला मागे वायपर नाही आणि डिफॉगरही नाही, म्हणजे काच गरम करून वाफ घालवणाऱ्या तारा.

कराडहून परत येत होतो. धुकं आणि वर पाऊस. एका वळणावर खालून ट्रक आला. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, म्हणून मी रिव्हर्स टाकला. मागच्या काचेवर बाहेरून चिखलाचा थर, आतून वाफ. आरशात नुसता राखाडी रंग. सेन्सर ओरडत होता, पण मागे कठडा आहे की कोणी उभं आहे, हे सेन्सर सांगत नाही. बायको छत्री घेऊन उतरली आणि "अहो, थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत गाडी कठड्याला टेकली होती. रंगकामाचे साडेतीन हजार गेले. पण एका बाजूला दरी होती, हे घरी आल्यावर जास्त जाणवलं.

ज्यांची आधी सेडान होती त्यांना यातलं काही कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. सेडानची मागची काच तिरकी असते आणि तिच्यामागे डिकी असते, त्यामुळे ती बऱ्यापैकी स्वच्छ राहते. सरळ उभ्या पाठीच्या गाडीमागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेलं पाणी-माती तो उचलून काचेवर आणून चिकटवतो. पावसाळ्यात चिपळूण ते घाटाच्या पायथ्याचं पोफळी एवढ्यातच काच भरते.

शोरूममध्ये सेल्समन म्हणाला होता, "सर, वरच्यात फक्त मोठा टचस्क्रीन आणि अलॉय चाकं जास्त आहेत." टेस्ट ड्राइव्हला दिलेली गाडी टॉप मॉडेल. तिच्या स्टिअरिंगशेजारच्या वायपरच्या दांड्याला टोकाशी फिरणारी रिंग होती, मागच्या वायपरची. माझ्या गाडीत दांडा तोच, पण टोक गुळगुळीत, आणि एसीच्या बटणांशेजारी डिफॉगरच्या बटणाची जागा प्लास्टिकने बुजवलेली. रोज हात तिथे जातो. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत हे सगळं छापलेलं होतं, पण ते पान मी डिलिव्हरीनंतर वाचलं.

पैसे वाचवायला गेलो, हेही खरं. मधलं ९ लाख ४० हजार, वरचं १० लाख १० हजार एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधी. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर १२, आणि तोही पूर्ण किमतीवर. म्हणजे ७० हजारांचा फरक टॅक्स धरून ८८ हजारांच्या जवळ जातो. शिवाय वायपर हवा तर सनरूफही घ्यायचं, कारण दोन्ही एकाच व्हेरिएंटमध्ये बांधलेले. कोकणात सनरूफ कशाला हवंय, हे मला अजूनही पटत नाही.

व्हेरिएंटची अक्षरं बघून काही अंदाज बांधू नका. मारुतीचं व्हीएक्सआय साधारण खालून दुसरं, आणि इनोव्हा क्रिस्टाचं व्हीएक्स वरून दुसरं. ह्युंदाईच्या एसएक्सपुढे कंसातला 'ओ' म्हणजे ऑप्शनल, आणि बरीच वर्षं नेमका तोच सगळ्यात वरचा असायचा. टाटाने २०२३च्या नेक्सॉनपासून एक्सई, एक्सझेड सोडून स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस ही नावं आणली. वाचायला सोपी आहेत, पण प्युअरमध्ये डिफॉगर आहे का, हे नावावरून कळत नाहीच. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर मागच्या बॅजवर मुळीच विसंबू नये, बॅज बाजारात सुटे मिळतात. आरसी आणि इन्शुरन्सच्या कागदावर व्हेरिएंट काय लिहिलंय ते बघा.

आता एक दुरुस्ती. सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर मी स्टीलच्या चाकांनाही नावं ठेवली असती. मार्चमध्ये मुंबई-गोवा हायवेवर संगमेश्वरजवळ खड्ड्यात गाडी आपटली, रिम वाकली. टायरवाल्याने ठोकून सरळ केली आणि तीनशे रुपये घेतले. शेजारी उभ्या गाडीची अलॉय तडकली होती, त्यांना नवीच घ्यावी लागली. हॅलोजन दिव्यांचंही तेच, धुक्यात त्यांचा पिवळा उजेड मला बरा वाटतो. त्यामुळे मधलं घेऊन चूक केली असं सरसकट म्हणणार नाही. एका वायपरने घात केला.

तो नंतर बसवता येतो का, हे दोघा इलेक्ट्रिशियनना विचारलं. मोटर मिळेल, पण काचेला भोक हवं, पाण्याची नळी हवी, वायरिंग छतातून न्यायचं. डिफॉगरच्या तारा काचेवरच पक्क्या बसवलेल्या असतात, म्हणजे अख्खी काच बदलायची. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

तोवर डिकीत खिडक्या पुसायचा रबरी वायपर ठेवलाय. घाट उतरण्याआधी हेळवाकला थांबतो, काच निपटून घेतो, आतून सुती फडकं मारतो आणि एसीचा झोत चालू ठेवतो. पोफळीपर्यंत दिसतं. काचेचा भाव विचारून ठेवलाय, दिवाळीच्या आत आला तर इथेच लिहीन.