एकाच फाइलचे दोन लाल

सात महिने झाले, हा मॉनिटर माझ्या टेबलावर आहे. २७ इंची, फोरके (म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल), आयपीएस पॅनलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा), एकाच यूएसबी-सी केबलवर चालणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्या जातीचे मॉनिटर बऱ्याच कंपन्यांचे मिळतात आणि खोड्या साधारण सारख्याच निघतात. मी घरून मुखपृष्ठं, पॅकेजिंग आणि अधूनमधून ॲपचे स्क्रीन करते. लॅपटॉप १४ इंची, विंडोजवाला, त्याचा स्क्रीन झकास. पण १४ इंचांत एक आर्टबोर्ड, म्हणजे डिझाइनचं पान, उघडला की लेयरची खिडकी कुठे ठेवू आणि क्लायंटचा मेल कुठे, हा रोजचा वैताग.

आधी केलेला घोळ सांगते. धाकटा भाऊ गेम खेळतो, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, घ्यायचाच तर मोठा घे, आणि कर्व्ह्ड घे." घेतला. ३२ इंची, व्हीए ह्या दुसऱ्या जातीचं पॅनल, रिझोल्युशन २५६० गुणिले १४४०. पहिल्या दिवशी खोलीत विमान उतरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी एका खोक्याच्या डायलाइनवर, म्हणजे कापायच्या-दुमडायच्या रेघांच्या आराखड्यावर, आडवी गाइड (मापाची रेघ) ओढली, ती मला कमानीसारखी दिसायला लागली. रेघ सरळ आहे हे मला माहीत होतं, तरी तीनदा मापं तपासली. व्हीए पॅनलचं काळं छान गडद असतं, कॉन्ट्रास्ट सहज ३०००:१ च्या घरात. पण थोडं बाजूने पाहिलं की गडद छटा फिकट पडतात. ३२ इंची स्क्रीनच्या कडेला तर आपण समोर बसूनही तिरकेच बघत असतो. मधला करडा आणि कोपऱ्यातला करडा वेगळा दिसला की माझ्यासारखीने काम कसं करायचं?

तरी हेही चाललं असतं. चाललं नाही ते अक्षर. ३२ इंचांवर २५६० पिक्सेल पसरले की इंचाला जेमतेम ९२ पडतात. रोमन लिपी त्यात कशीबशी तग धरते, देवनागरीची दैना होते. एका मुखपृष्ठाच्या मलपृष्ठावर नऊ पॉइंटात मजकूर होता. 'दुसऱ्या'तला तो पापणीसारखा अर्धा र पार पुसला गेला होता, 'शुद्ध'मधल्या द्धचा चिखल झाला होता, आणि शिरोरेषा एका ओळीत जाड तर पुढच्या ओळीत बारीक. फॉन्टचंच काही बिघडलंय समजून मी अर्धा दिवस फॉन्ट बदलत बसले. तीच फाइल लॅपटॉपवर ओढली तर अक्षरन् अक्षर स्वच्छ. तो मॉनिटर आता भावाकडे सुखात आहे.

दुसऱ्या वेळी मॉनिटर एकटा न बघता लॅपटॉपच्या शेजारी ठेवून बघायचा असं ठरवलं. आकडेमोड सोपी आहे. माझ्या १४ इंची स्क्रीनवर २५६० गुणिले १६००, म्हणजे इंचाला सुमारे २१६ पिक्सेल. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं किती पटीने मोठी दाखवायची ते, २०० टक्के ठेवलं की कामाला उरतात १०८. २७ इंची फोरकेला इंचाला १६३. तिथे स्केलिंग १५० टक्के केलं की १०९. झालं! खिडकी एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर सरकवली तरी बटणं, अक्षरं, आयकॉन त्याच मापाचे राहतात. तुमच्या लॅपटॉपचे आकडे वेगळे असतील, पण हा भागाकार घेण्याआधी करून बघाच. मॅकवाल्यांचं गणित जरा निराळं: २७ इंची फोरकेवर २५६० गुणिले १४४० इतकी जागा मागितली की मॅकओएस चित्र आधी ५१२० गुणिले २८८० चं करतं आणि मग आकसवतं. बहुतेकांना फरक दिसतही नाही, काहींच्या मात्र डोळ्यांत खुपतो.

मॉनिटर आला, जोडला आणि पहिल्या संध्याकाळी माउस चिखलातून चालल्यासारखा. कर्सर ओढला की मागे मागे यायचा. झूम केलं की धक्के. ड्रायव्हर टाकले, काढले, परत टाकले. मॉनिटरच खराब आला म्हणून खोकं परत भरायला काढलं, तेव्हा कुठे डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटकडे, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याकडे, नजर गेली: ३० हर्ट्झ. मी सवयीने जुन्या हबमधून (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) एचडीएमआयने जोडला होता, आणि तो हब एचडीएमआय १.४ चा. त्यातून फोरके ३० हर्ट्झच्या वर जातच नाही. ६० ला २.० लागतं. खोक्यातली यूएसबी-सी केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीत तशीच होती. ती लावली आणि सगळं लोण्यासारखं. ड्रॉवरमधली फोनची केबल लावून बघू नका, तोंड सारखं असलं तरी तिच्यातून बहुधा चित्र जात नाही.

ह्या एका केबलचं मला अजून कौतुक आहे. चित्र, चार्जिंग, कीबोर्ड, पेन टॅब्लेट, सगळं तिच्यातून. सकाळी एक पिन खोचायची, रात्री एक काढायची. पण त्यातही दोन मेखा आहेत. पहिली चार्जिंगची. मॉनिटर देतो ६५ वॉट, माझ्या लॅपटॉपचा स्वतःचा ॲडाप्टर ९० चा. मुखपृष्ठाच्या कामाला ६५ पुरतात. थ्रीडी मॉकअपचं रेंडर लावलं की चार्जिंगला लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरते. दुसरी मेख मेनूत खोलवर दडलेली. केबलमधल्या वेगवान तारा ठरलेल्या, त्या चित्राला द्यायच्या की डेटाला, एवढाच प्रश्न. सगळ्या चित्राला दिल्या तर मॉनिटरच्या मागची यूएसबी पोर्टं २.० च्या चालीवर येतात. तिथे हार्ड डिस्क लावून दोन जीबीची फाइल घेतली, जवळजवळ मिनिटभर लागलं. डिस्क आता सरळ लॅपटॉपला लावते.

आता लाल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पी३ ९५ टक्के' लिहिलं होतं, म्हणजे पी३ ह्या मोठ्या रंगपट्ट्यातले ९५ टक्के रंग तो दाखवतो, आणि मला वाटलं जास्त रंग म्हणजे जास्त चांगलं. पहिल्याच आठवड्यात एका ॲपसाठी लाल निवडला. मॉनिटरवर काय तेजाळ दिसत होता! क्लायंटचा निरोप आला, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात तो लाल हा नाही ना? हा जरा विटकरी वाटतोय." लॅपटॉपवर उघडून बघितला, तर खरंच विटकरी. एकाच फाइलचे दोन लाल, हातभर अंतरावर.

चूक फाइलची नव्हती. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन एसआरजीबी ह्या नेहमीच्या, लहान रंगपट्ट्यापुरता, मॉनिटरचा आवाका त्याहून मोठा. फाइलमध्ये लिहिलेला असतो आकडा, रंग नव्हे. मॉनिटर कोणत्या आवाक्याचा आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही, तर तोच आकडा मोठ्या आवाक्यात ताणला जातो आणि लाल भडकतो. उपाय म्हणून मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असतो. तो लावला की रंग शहाण्यासारखे वागतात. पण ह्या मॉनिटरच्या त्या मोडमध्ये ब्राइटनेसची पट्टीच करडी होते, हलत नाही! दिवसा खिडकी उघडी असताना उजेड कमी पडतो, रात्री तोच डोळ्यांवर येतो. माझा सगळ्यात मोठा राग ह्याच्यावर आहे, आणि हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. दुकानात मॉनिटर चालू असेल तर एसआरजीबी मोड लावा आणि ब्राइटनेस हलतो का ते बघा, बाकी गुळगुळीत व्हिडिओ बघू नका.

शेवटी फोटोग्राफर मैत्रिणीचं कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, मागून आणलं. हे यंत्र स्क्रीनवर कोळ्यासारखं लोंबतं, खाली एकेक रंगाचा चौकोन येत जातो आणि ते मोजत राहतं. दोन्ही स्क्रीन एकाच मापावर आणले: पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा गॅमा २.२, उजेड १२० निट. त्या मोजणीतून प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनचा आवाका सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल, बनली; ती बसल्यावर फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये दोन्ही स्क्रीनवरचे लाल एकमेकांशी बोलायला लागले. विंडोजचा डेस्कटॉप मात्र प्रोफाइल जुमानत नाही, तिथला वॉलपेपर आजही भडकच दिसतो. दिसू दे.

खोक्यावर एचडीआर ४०० चाही (जास्त उजेड-अंधार दाखवण्याच्या सोयीचा) शिक्का आहे. एकदा चालू केलं, साधा डेस्कटॉप राख फासल्यासारखा दिसला, बंद केलं. स्पीकर आहेत असं म्हणायचं. स्टँड मात्र खरंच गुणी: वर-खाली होतो, उभाही वळतो. उभ्या स्क्रीनवर लांबलचक वेबपेज बघायला मजा येते, पण साठ सेंटिमीटर उंच रकाना वर-खाली बघून मान धरते. आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक. लॅपटॉपखाली स्टँड ठेवून दोन्ही स्क्रीनच्या वरच्या कडा एका रेषेत आणल्या, त्याचाच मानेला जास्त उपयोग झाला.

एक दुखणं राहिलंच. पूर्ण स्क्रीनभर फिकट करडा रंग लावला की खालचा डावा कोपरा पिवळसर दिसतो, चहाचा डाग वाळावा तसा. पहिल्याच दिवशी हे करून बघायला हवं होतं, मी केलं तिसऱ्या महिन्यात. फोटो काढून सर्व्हिसला पाठवले. दोन मेल, एक फोन, आणि उत्तर असं की हे मर्यादेत बसतं. मर्यादा किती, ते विचारलं तर त्यावर उत्तर नाही. एखादा मेलेला पिक्सेल मी चालवून घेतला असता, पण कोपराच पिवळा असला की पांढऱ्या पार्श्वभूमीचं काम करताना डोळा पुन्हा पुन्हा तिकडेच जातो.

म्हणून आता स्वॉचची, म्हणजे रंगांच्या नमुन्यांची, खिडकी कायम त्या कोपऱ्यावर पसरून ठेवते, आणि स्वॉच निवडायचे झाले की तिला उचलून मधे आणते.