पोटाखालचा नवा काळा रंग

माझं सुतारकाम. प्लायवूडच्या शीट, चौकटी, तयार कपाटं न्यायला दर वेळी भाड्याची गाडी बघावी लागायची, म्हणून तीन-चार महिने शोधून एक जुना डिझेल पिकअप घेतला. वीस वर्षांचा होता. जुनी गाडी घेतली याचं मला आजही वाईट वाटत नाही. या गाड्यांची बांधणी साधी असते. खाली शिडीसारखी चॅसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मागे ओझं झेलणारे पोलादी पट्ट्यांचे पाटे, बॉनेट उघडलं की हात घालायला भरपूर जागा. नीट राखलेली असेल तर अशी गाडी आणखी कित्येक वर्षं ओझं ओढते. मला मिळालेली राखलेली नव्हती. ती विकण्यासाठी तयार केलेली होती, आणि तो फरक मला ओळखता आला नाही.

बघायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. विकणारा म्हणाला, "आत्ताच पेट्रोल पंपावर जाऊन आलो." सेल मारला तर अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. मी खूष. खाली वाकून पाहिलं तर चॅसिस काळी कुळकुळीत. त्यावर तो स्वतःहून म्हणाला, "दादा, मुद्दाम अंडरकोटिंग करून घेतलंय. गंज नको म्हणून. चॅसिसची काळजीच करू नका." काटा १,१८,००० किलोमीटर दाखवत होता. दहा मिनिटं गुळगुळीत रस्त्यावर, रिकाम्या हौद्यानं फिरवून आणली आणि व्यवहार केला. धाकटा भाऊ म्हणत होता, एकदा आपल्या मिस्त्रीला दाखवू. पण विकणारा म्हणाला की संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी घाई केली.

पहिल्या आठवड्यातच सकाळी गार इंजिन चालू केलं की मागून निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण खरा धक्का महिन्याभरानं बसला. हौद्यात प्लाय भरलेलं, एका खड्ड्यातून गाडी उतरली आणि पाठीमागे कड् असा आवाज आला. पाटा तुटला असेल वाटून गाडी बाजूला घेतली. पाटे शाबूत होते. मग केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीकडे लक्ष गेलं. सकाळी दोर आवळताना त्या फटीत वरच्या बाजूला माझी चार बोटं सहज गेली होती. आता दोन जेमतेम जात होती. केबिन आणि हौदा वरून एकमेकांकडे झुकले होते. याचा अर्थ त्यांच्यामध्ये, केबिनच्या बरोबर मागे, चॅसिस खाली बसत होती.

तिथेच माल उतरवला आणि गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली. त्यानं ती वर घेतली, लहान हातोडी काढली आणि पुढून मागे चॅसिसवर ठोकत गेला. पुढे टण् टण् आवाज येत होता. केबिनच्या मागे आल्यावर आवाज बदलला, थप् थप्, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. त्यानं पेचकस दाबला. डांबरासारख्या काळ्या थराचा सालपटासारखा तुकडा निघाला. त्याखाली पुटी, पुटीखाली फायबरची जाळी, जाळीखाली रिव्हेट मारलेला पातळ पत्रा. पत्र्यामागे काहीच नव्हतं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर भोकातून ओला चिखल पडला. मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "या गाडीत तुझ्याबरोबर कुणी बसलं नव्हतं ना?"

हे असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. बऱ्याच पिकअपची चॅसिस पेटीसारखी, आतून पोकळ असते. चाकांनी उडवलेला चिखल बाजूच्या भोकांतून आत जातो. पाणी निघून जायला खाली ठेवलेली बारीक भोकं त्या चिखलानंच बुजतात आणि आतलं लोखंड महिनोन्‌महिने ओलं राहतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेर दिसायला लागतो तोवर पत्रा कागदाएवढा उरलेला असतो. त्यावर जाड काळा थर फासला की ओल आतच कोंडते. थर वाळून तडकला की त्या तडेतूनही पाणी शिरतं आणि परत निघत नाही. स्वच्छ, कोरड्या लोखंडावर वेळेवर मारलेलं अंडरकोटिंग चांगलंच असतं. पण वीस वर्षांच्या गाडीच्या फक्त पोटाखाली, विकायच्या आधी, ताजा काळा रंग दिसला तर तो कशासाठी मारलाय हे विचारायलाच हवं. त्याच थराखाली ब्रेकचे पाइपही जातात. माझ्या गाडीचा मागचा पाइप त्याच पट्ट्यात इतका खाल्ला गेला होता की मिस्त्रीनं पान्यानं हलकेच वाकवला तर मोडला. त्याच पाइपच्या भरवशावर मी महिनाभर भरलेली गाडी उतारावरून आणत होतो. पैसे गेल्याचं दुःख झालं, पण या पाइपचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर त्यामागे ऑइल बदलल्याची जुनी पट्टी चिकटलेली सापडली. तिच्यावर २,४१,००० किलोमीटर लिहिलेले. म्हणजे काटा निम्म्याहून जास्त मागे फिरवलेला. पेडलवरचे रबर कोरे होते, स्टिअरिंगवर नवं कव्हर होतं. कव्हर काढलं तर खालचं रिंग घासून गुळगुळीत झालेलं. हे सगळं पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होतं. टायर काळेभोर, नक्षी खोल. पण टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ते मी वाचले नव्हते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१२ असेल तर २०१२ सालचा ३५ वा आठवडा. माझे टायर अकरा वर्षांचे निघाले. पॉलिश पुसल्यावर बाजूनं बारीक तडे दिसायला लागले. इंजिनात जाड ऑइल भरलेलं होतं. पिस्टनवरच्या रिंगा झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल टाकलं की काही दिवस आवाज आणि धूर दबतो. बॉनेट गरम का होतं तेही मग कळलं. उशिरा पेट घेणं, निळा धूर, सुरुवातीची खडखड हे गार इंजिनावरच नीट कळतं.

विकणाऱ्याकडे गेलो. त्यानं दारातच कागद काढला. त्यावर माझ्या सहीवर लिहिलं होतं, 'गाडी पाहून, चालवून, पसंत करून, जशी आहे तशी घेतली.' चॅसिसबद्दल तो जे बोलला होता ते सगळं तोंडी. जाहिरात त्यानं काढून टाकली होती आणि तिचा फोटो मी घेऊन ठेवला नव्हता. पुढे फोन उचलणं बंद झालं. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, जाहिरात दिसली त्याच दिवशी तिचे फोटो घ्या, त्याच्याशी झालेलं बोलणं मेसेजवर होऊ द्या. "चॅसिसला कुठे वेल्डिंग केलंय का, काटा खरा आहे का" हे लिहून विचारा आणि उत्तरही लिहून घ्या. खरं सांगणारा माणूस लिहून द्यायला कचरत नाही, असा माझा तेव्हापासूनचा अनुभव आहे.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. मग गाडीखाली आडवे व्हा, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन. वाकून दिसतं ते पुरत नाही. केबिनच्या मागे, मागच्या एक्सलच्या वर, पाटे जिथे चॅसिसला टांगलेले असतात तिथे आणि डिझेलच्या टाकीच्या वरच्या बाजूला ठोकून आवाज ऐका. विकणारा ठोकू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. बाहेरच्या पत्र्यासाठी लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे जाड पुटी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून त्या तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं, पण नाचत खाली पडलं तर रिंगा गेल्या. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मात्र गार इंजिनावरच उघडून बघा, गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल. त्यात तेलाचा मळकट दुधाळ थर असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलची, शंका घ्या. हौद्यात थोडं वजन टाकून, खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि चढावर चालवून बघा. क्लच घसरतो का, तिसरा गिअर आपोआप सुटतो का, हे रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर कळत नाही.

काट्यावर तर अजिबात विसंबू नका. जुना आकड्यांचा काटा हातानं फिरतो, नवा लॅपटॉप लावून बदलतात, आणि काही जुने मीटर तर पाचच आकड्यांचे असतात, ९९,९९९ नंतर परत शून्यावर येतात. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावून त्यावरचे किलोमीटर चढत जातात का ते बघा. आणि मिस्त्री आपलाच न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याची एका तासाची मजुरी मी वाचवली होती.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. चॅसिस शाबूत लोखंडापर्यंत कापून नवे तुकडे जोडायचे तर खर्च गाडीच्या किमतीवर जात होता, आणि इंजिनाचं काम वेगळंच. त्या सुमारास एक दलाल आला. म्हणाला, "मी घेतो. पत्रा लावून, काळा रंग मारून पंधरा दिवसांत काढतो." मला चांगली रक्कम देत होता. ती रक्कम मला तेव्हा हवी होती. पण त्या गाडीत पुढच्या वेळी कुणी तरी बायकोमुलांना बसवलं असतं. मी ती भंगारात दिली, वजनावर, आणि चॅसिस नंबरचा भाग माझ्यासमोर कापायला लावला.

पुढचा पिकअप घ्यायला दीड वर्ष लागलं. त्याची चॅसिस तपकिरी, वरवर गंजलेली, पण सगळीकडे टण् वाजणारी. मालक स्वतः माझ्या शेजारी जमिनीवर आडवा झाला आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "इथे मी जोड मारलाय, हे बघा बिल." ती गाडी आज माझ्याकडे आहे. आल्या आल्या ब्रेक ऑइल बदललं, आता दर दोन वर्षांनी बदलतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ जातीचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. भरलेली गाडी लांब उतारावर असेल तेव्हा ते उकळून पेडल पोकळ व्हायला वेळ लागत नाही. पाट्यांच्या पिना आणि प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस यांना वेळच्या वेळी ग्रीस. आणि पावसाळा संपला की एक रविवार चॅसिसचा. गाडी पुढून उंच करतो, चॅसिसच्या खालच्या भोकांत तार घालून चिखल मोकळा करतो आणि वरच्या भोकातून पाइपनं पाणी सोडतो. आधी लालसर गढूळ पाणी येतं. नितळ येईपर्यंत सोडत राहतो, मग दोन दिवस उन्हात वाळवून आत पातळ मेणाचं तेल फवारतो. मागच्या वर्षी एका भोकातून मूठभर माती निघाली होती, या वर्षी चिमूटभर निघाली.