पॉइंट वगळून पाहिलेले माथेरान: एका पदभ्रमंतीविषयी

माथेरानहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती पॉइंट झाले?’ हा. पॅनोरमा, लुईझा, इको, शार्लोट तलाव अशी यादी म्हणून दाखवली की सहल सार्थकी लागली असे आपण मानतो, आणि ज्या गावात दोन दिवस राहिलो त्या गावात माणसे राहतात कशी, हे विचारायचे राहूनच जाते. यंदा नोव्हेंबरमध्ये आम्ही घरातले पाच जण गेलो तेव्हा पॉइंट जवळपास वगळून केवळ गाव दाखवणाऱ्या एका स्थानिक पदभ्रमंतीत सहभागी झालो. तीन तासांचा वेळ, बारा जणांची मर्यादा, माणशी ६०० रुपये आणि मराठीतून माहिती, एवढेच तिच्या जाहिरातीत लिहिलेले होते. ती चालवणारे दोघेही गावातलेच आहेत. व्यवसाय लहान आहे आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही.

भ्रमंती सुरू होते ती बाजारपेठेत किंवा एखाद्या जुन्या बंगल्यासमोर नव्हे, तर दस्तुरी नाक्यावर, म्हणजे नेरळहून वर आलेली मोटार जिथे थांबते आणि जिथून पुढे ती जाऊ शकत नाही, त्या जागी. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे वाहन यांसारखे अपवाद सोडले तर माथेरानात मोटारींना प्रवेश नाही, हे प्रत्येक पर्यटकाला ठाऊक असते. परंतु या बंदीचा अर्थ तिथल्या रहिवाशासाठी काय होतो, ते आमच्या मार्गदर्शकाने एका शब्दाचेही व्याख्यान न देता दाखवले. नाक्यावर उतरवलेल्या मालाकडे त्याने आम्हाला नेले. सिमेंटच्या गोण्या, गॅसच्या टाक्या, दुधाचे क्रेट, कांद्याची पोती आणि कुणाच्या तरी घरची नवी शिलाई मशीन असा सगळा पसारा तिथे पडलेला होता. यातली प्रत्येक वस्तू इथून पुढे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावरून गावात जाते आणि त्या अडीच-तीन किलोमीटरांची मजुरी तिच्या किमतीत मिसळते. ‘‘इथं घर बांधायचं म्हटलं की माणूस आधी वीट मोजतो, मग वीट वाहायची मजुरी मोजतो,’’ असे तो म्हणाला. आपण हॉटेलात बसून चहा महाग आहे म्हणून कुरकुरतो, त्या कुरकुरीचे उत्तर पहिल्या पंधरा मिनिटांत मिळून गेले. सुरुवातीची ही निवड मला या सेवेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटली.

त्यानंतर रुळांच्या कडेने चालत गावाकडे जाताना इतिहास सांगितला जातो, आणि इथे मात्र कथन काही काळ नेहमीच्या वळणावर गेले. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉयंट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये हा डोंगर ‘शोधून काढला’ आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे गिरिस्थानाचा पाया घातला, ही हकिकत सविस्तर ऐकवण्यात आली. ती खरी आहे, पण ‘शोध’ हा शब्द तिच्यात खटकतो. मॅलेट चढून आले तेव्हा वाट दाखवायला माणसे होती, धनगर आणि ठाकर यांचा या माथ्यावर वावर होता आणि ‘माथ्यावरचे रान’ हे नावही मराठीच होते. मग सापडले ते नेमके कुणाला? आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी हा प्रश्न सरळ विचारला. मार्गदर्शक हसला आणि ‘‘मावशी, साहेबाला सापडलं. आमचं हरवलंच नव्हतं,’’ असे म्हणाला. एवढे चपखल उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याने ते कुणी विचारण्याची वाट का पाहावी, हे मला समजले नाही. डोंगराच्या उतारांवर आणि पायथ्याशी असलेल्या ठाकर व कातकरी वाड्यांतील माणसे आजही वर कामाला येतात. त्यांच्याविषयी तीन तासांत मिळून पाचेक वाक्येच ऐकायला मिळाली, ही या भ्रमंतीची मला जाणवलेली पहिली मोठी उणीव.

रेल्वेविषयी तो अधिक रंगून बोलला, आणि ते साहजिकही आहे, कारण या गावाचे भाग्य त्या दोन फुटी रुळांनी बदलले. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. नेरळपासून वर येणारी ही वाट सुमारे २० किलोमीटरची आहे, कारण चढ सोसवेल इतका ठेवण्यासाठी ती डोंगराला वळसे घालत, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप अशी स्थानके घेत येते. इथपर्यंतची माहिती कुठेही मिळते. पण २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीत मार्ग वाहून गेल्यावर, २०१६ मधील घसरणीच्या घटनांनंतर आणि पुन्हा २०१९ च्या पावसानंतर गाडी दीर्घकाळ बंद राहिली, तेव्हा गावाचे काय झाले, हे ऐकणे मोलाचे होते. गाडी नसली की केवळ तिच्यासाठी येणारी कुटुंबे येत नाहीत, खोल्या रिकाम्या राहतात आणि त्या मोसमाची उधारी पुढच्या मोसमावर जाते. दस्तुरी नाक्याजवळचे अमन लॉज स्थानक ते माथेरान ही गाडीची छोटी फेरी त्या काळात गावासाठी किती महत्त्वाची ठरली, हे त्याने स्वतःच्या घरातील दूध, भाजी आणि दप्तरांच्या उदाहरणांनी सांगितले.

हवामानाचा भाग, माझ्या मते, या तीन तासांचा गाभा होता. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब धरला तर नेरळपेक्षा वर पाचेक अंशांचा फरक पडावा, आणि अंगावरून काढलेला स्वेटर नाक्यावर पुन्हा चढवताना तो आम्हाला कळलाच होता. पण थंडी हे माथेरानच्या हवामानाचे फार तर पाहुण्यांसाठीचे रूप आहे. रहिवाशांसाठी हवामान म्हणजे पाऊस. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेला एकटाच उभा असलेला हा डोंगर अरबी समुद्रावरून येणारे ढग थेट अंगावर घेतो, आणि वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर, म्हणजे पुण्यात वर्षभर पडतो त्याच्या सहा-सात पट पाऊस येथे मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मार्गदर्शकाने आम्हाला एका जुन्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीशी उभे केले. त्या भिंतीला बाहेरून पत्रे आणि जाड प्लॅस्टिक यांचा आडोसा बांधण्यासाठी ठोकलेले लाकडी खुंट वर्षभर तसेच ठेवलेले असतात. मे संपताना घर असे गुंडाळायचे, जळण आणि धान्य आत घ्यायचे, आणि मग ढगातच राहिल्यासारखे दिवस काढायचे, जेव्हा कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही आणि दहा पावलांवरचे शेजारघर दिसत नाही.

एवढा पाऊस झेलणाऱ्या गावाला उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, हे ऐकून आमच्या गटातील तरुण मंडळींचा विश्वास बसेना. कारण पायाखालीच होते. माथ्यावरचा तांबडा जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते, काळ्या बेसॉल्टच्या थरापाशी अडते आणि कड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून दरीत निघून जाते. माथ्यावर टिकते ते अडवलेलेच पाणी. म्हणूनच शार्लोट तलाव बांधला गेला, आणि आता नेरळहूनही पाणी पंपांनी वर चढवावे लागते. आपण त्या तलावाच्या काठावर छायाचित्रे काढतो, शेजारच्या पिसारनाथाला हात जोडतो आणि पुढे जातो. हा तलाव म्हणजे गावाची पाण्याची टाकी आहे हे आमच्यापैकी फारच थोड्यांना माहीत होते. पिसारनाथ हे इथले ग्रामदैवत, आणि शेंदूर चढवलेल्या त्या शिवलिंगाचा मान गाव आजही राखते. गिरिस्थान वसवणारे येण्यापूर्वी गाव होते का, या मघाच्या वादाला खरे तर त्या मंदिरापाशीच उत्तर देता आले असते. पण तिथे आम्हाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली.

जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांच्या सावलीतून बाजाराकडे जाताना एक शेकरू दिसले. त्यावर वेळ न दवडता मार्गदर्शकाने बाजारात जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी मी ही भ्रमंती पुन्हा करायला तयार आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावातील एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२ च्या लढ्यात भूमिगत होऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला, ज्याने मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवालांचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते. ही हकिकत सांगताना आमच्या मार्गदर्शकाचा सूर बदलला नाही, उलट तो अधिक साधा झाला. ज्या गावात साहेब आणि शेठ हवा खायला येत, त्या गावात त्यांची दाढी करणाऱ्यांच्या, सामान वाहणाऱ्यांच्या आणि बंगले राखणाऱ्यांच्या घरांतून हा माणूस निघाला, एवढेच त्याने सांगितले आणि तो पुढे चालू लागला. पॉइंटांची साहेबी नावे पाठ असलेल्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव माथेरानशी जोडता येते, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला; उत्तर मला सुखावणारे नव्हते.

२०११ च्या जनगणनेत ४,३९३ लोकसंख्या असलेले हे गाव कायद्याने ‘गिरीस्थान नगर परिषद’ असलेले शहर आहे. शनिवारी-रविवारी त्यात पाहुणे मिसळतात तेव्हा ते मोठे भासते, पण सोमवारी सकाळी बाजारात उभे राहिले की सगळे एकमेकांना ओळखतात हे दिसते. घोडेवाले, हमाल, हॉटेलांतील कामगार, चपला आणि चिक्की विकणारे दुकानदार यांची पोटे एकाच पर्यटकावर चालतात, आणि म्हणून एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण ठरू शकते. ई-रिक्षांचा वाद हे त्याचे ताजे उदाहरण. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा मात्र त्यानंतरही चालू राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्यास सांगितले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत रस्त्याला फरशी बसवण्यास न्यायालयाने मुभा दिली, आतल्या रस्त्यांना दिली नाही.

या विषयावर आमचा मार्गदर्शक प्रथम जपून बोलला. त्याच्या वडिलांनी हातरिक्षा ओढली होती आणि चुलत्यांचे घोडे आहेत, हे त्याने आढेवेढे न घेता सांगितले. पण त्याचे स्वतःचे मत विचारल्यावर ‘‘दोन्हीकडं आपलीच माणसं आहेत’’ असे म्हणून तो थांबला. काहींना ही टाळाटाळ वाटली. मला ती टाळाटाळ वाटली नाही, कारण थोड्याच वेळाने, कुणी विचारलेले नसताना, तो म्हणाला, की चढावर रिक्षा ओढून वडिलांचे गुडघे पन्नाशीतच गेले, आणि शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलीला आता ई-रिक्षामुळे पावसातली रोजची पायपीट करावी लागत नाही.

आता राहिलेल्या तक्रारी. बारा जणांची मर्यादा पाळली गेली नाही; आम्ही सतरा होतो, आणि अरुंद वाटेवर मागच्यांना अर्धे बोलणे ऐकू येत नव्हते. हातात दिलेल्या छापील नकाशावर पॉइंट आणि हॉटेले ठळक आहेत, परंतु ज्या जागा दाखवल्या जातात त्यांतील निम्म्या त्यावर नाहीतच, म्हणजे हा नकाशा दुसऱ्याच कुणाच्या तरी सहलीसाठी काढलेला असावा. मध्ये बसायला एकच जागा मिळते; माझ्या सासूबाईंना उतारावर हात धरून आणावे लागले, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे. शेवट एका चपलांच्या दुकानात झाला. खरेदीचा आग्रह नव्हता, तरी तीन तास जे ऐकले त्यानंतर ते खटकले.

६०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. जाणाऱ्यांनी शक्यतो सोमवार ते गुरुवार यांतील सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दस्तुरीवर माल उतरताना पाहायला मिळतो. पांढरे बूट घालू नयेत, जांभ्याची धूळ दोन धुण्यांत जात नाही. आणि पिसारनाथापाशी थोडा अधिक वेळ द्या असे मार्गदर्शकाला निघतानाच सांगावे. आम्ही परतताना त्याला हेच सांगितले, तेव्हा तो म्हणाला, की पुढच्या मोसमात मंदिरापासूनच सुरुवात करण्याचा विचार आहे. त्यावर सासूबाईंनी त्याला बजावले, की मालाचे ढीग मात्र गाळू नकोस.