आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल की तीन आठवड्यांनी डोसिटॅक्सेल? ठरवण्याआधी आपलं घर बघा

"सिस्टर, डॉक्टर म्हणतात दोन्हीतलं कोणतंही चालेल, विचार करून सांगा. आता हे मी कसं ठरवू?"

येवल्याहून आलेल्या एका पैठणी विणणाऱ्या ताईंनी हे विचारलं, तेव्हा त्यांची फाइल माझ्या हातात होती. स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन झालेलं, लाल केमोचे म्हणजे डॉक्सोरुबिसिनचे चारही डोस पार पडलेले. आता टॅक्सेन गटातलं औषध सुरू करायचं होतं. एक वाट दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची, एकूण १२ वेळा. दुसरी वाट दर तीन आठवड्यांनी डोसिटॅक्सेलची, एकूण ४ वेळा. वेळ दोन्हीकडे बारा आठवड्यांच्या आसपासच लागतो, त्यामुळे कोणतं लवकर संपेल या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

मी नाशिकमध्ये केमो देणारी नर्स आहे. औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा आणि तो त्यांचाच राहावा. पण डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले असतील तर घरी बसून काय तोलायचं, ते सांगायचा मला हक्क आहे असं मी मानते. सलाईन चालू असतानाच्या धोक्याला आम्ही तिथेच उभे असतो. त्यानंतरचे दिवस तुम्ही घरी काढता, आणि तिथे आम्ही नसतो. म्हणून दोनच गोष्टी आधी बघा: मध्यरात्री ताप आला तर तुम्ही दवाखान्यात किती वेळात पोहोचाल, आणि तुमचं पोट हातांच्या कोणत्या कामावर चालतं.

गुण कोणाचा जास्त?

याचं उत्तर बऱ्यापैकी हाताशी आहे. ई ११९९ नावाचा एक मोठा अमेरिकन अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,९५० महिला होत्या, सगळ्यांना आधी लाल केमो दिलेली. तीन आठवड्यांनी दिलेल्या पॅक्लिटॅक्सेलशी बाकीच्या पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये पाच वर्षांनी ८९.७ टक्के महिला हयात होत्या, तीन आठवड्यांच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये ८६.५ टक्के. तीन आठवड्यांच्या डोसिटॅक्सेलनेही आजार परत येण्याचं प्रमाण कमी केलं. म्हणजे आज तुमच्यासमोर असलेले दोन्ही पर्याय त्या तुलनेत सरस ठरलेले आहेत. ज्याला त्यांनी मागे टाकलं, ते तीन आठवड्यांचं पॅक्लिटॅक्सेल, स्तनाच्या कर्करोगात या टप्प्यावर कोणी सुचवलंच तर कारण जरूर विचारा.

मात्र हा हिशोब स्तनापुरताच. "थोडं थोडं वरचेवर दिलेलं बरं" असा नियम करून घेऊ नका. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात २००४ च्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं: तीन आठवड्यांनी दिलेल्या डोसिटॅक्सेलने आयुष्य वाढलं, आठवड्याला दिलेल्या डोसिटॅक्सेलने तसा ठोस फरक पडला नाही. शेजारच्या काकांना काय दिलं यावरून आपलं वेळापत्रक मागू नये, ते यासाठी.

सलाईनचा तो तास

पॅक्लिटॅक्सेलशी आपल्या भागाचं नातं आहे. यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे द्रव्य वेगळं करून त्याची रचना १९७१ मध्ये मांडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होते मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत संशोधन. खानदेशातून आलेल्या पेशंटला मी हे आवर्जून सांगते, आणि बाटलीकडे बघण्याची त्यांची नजर बदललेली मला दिसते.

हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून येतं, आणि अंगावर पित्त उठणं, छाती आवळणं, दम लागणं या रिअॅक्शनमागे मुख्यतः तो द्रावकच असतो. तोच द्रावक साध्या पीव्हीसी नळीतलं प्लास्टिक मऊ करणारं रसायनही ओढून घेतो. त्यामुळे पॅक्लिटॅक्सेलला वेगळा सेट लागतो आणि मध्ये बारीक फिल्टर असतो. "शेजारच्या बेडला साधी नळी, मला वेगळी का?" असं कोणी विचारलं की मला बरं वाटतं. विचारायलाच हवं.

डोसिटॅक्सेल यूच्या पानांतून काढलेल्या द्रव्यापासून तयार होतं, त्याचा द्रावक वेगळा आहे, पण रिअॅक्शन त्यालाही येते. दोन्हींची रिअॅक्शन बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसला, आणि तीही सुरुवातीच्या काही मिनिटांत. म्हणून तेव्हा आम्ही बेडजवळून हलत नाही. पाठीत अचानक कळ आली, चेहरा गरम झाला, घशात काही अडकल्यासारखं वाटलं तर "सिस्टर कामात आहेत" म्हणून गप्प राहू नका. सुई टोचलेल्या जागी आग होत असेल, फुगत असेल तरी तसंच. हाक मारा, हात हलवू नका, चोळू नका, सुई स्वतः काढू नका.

इथे दोघांतला एक फरक तुमच्या घरापर्यंत येतो. डोसिटॅक्सेलच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आदल्या दिवसापासून घ्यायच्या असतात, साधारणपणे डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस. त्यांनी रिअॅक्शनही टळते आणि अंगात पाणी साठणंही कमी होतं. या गोळ्या चुकल्या असतील तर येताच सांगा. कोणी रागावणार नाही, डोस पुढे ढकलता येतो. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये हे औषध बहुतेक ठिकाणी आम्हीच सलाईनआधी शिरेतून देतो, आणि पहिले दोन डोस सुखरूप गेले तर पुढे कमी करता येतं. मधुमेह असेल, किंवा गोळ्यांची वेळ सांभाळणारं घरात कोणी नसेल, तर हा मुद्दा पॅक्लिटॅक्सेलच्या बाजूने धरा.

रात्रीचा ताप

आता सगळ्यात महत्त्वाचं.

डोसिटॅक्सेलच्या एका मोठ्या डोसनंतर पांढऱ्या पेशी साधारण आठव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात. त्या दिवसांत आलेला ताप हा साधा ताप नसतो. ई ११९९ मध्ये पेशी घसरून ताप येण्याचं प्रमाण आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये १ टक्क्याच्या आसपास होतं, डोसिटॅक्सेलमध्ये १६ टक्क्यांच्या. या लेखातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

पेशी वाढवायचं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन दिलं की हा धोका बराच उतरतो. ते केमोनंतर किमान २४ तासांनी घ्यायचं असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं किंवा गावात ते नीट देणारं कोणी हवं, आणि इंजेक्शन तोवर थंड ठेवायला हवं. हाडं ठणकतात, दोन-तीन दिवस. योजनेत किंवा विम्यात ते धरलेलं आहे का, हे आधीच विचारून घ्या.

काही वर्षांपूर्वी एक ताई रात्री ९ वाजता १०१ ताप असताना क्रोसिन घेऊन झोपल्या. ताप उतरला, घरचे निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या तेव्हा बीपी लागत नव्हतं. त्या वाचल्या, पण आठ दिवस आयसीयूत काढून. त्यांना कोणी तरी आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, ही सल माझ्या मनात अजून आहे. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: घरात थर्मामीटर हवा. १००.४ किंवा जास्त दिसलं की गोळी न घेता फोन करायचा आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गाडी नसेल तर १०८. दवाखान्यात पोहोचल्याबरोबर "केमो चालू आहे" हे पहिलं वाक्य बोला, कारण अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. आणि ताप नसतानाही थंडी वाजून अंग कापत असेल तर तेवढ्याच घाईने या, स्टेरॉइडने ताप झाकला जातो.

आता तुमचं गाव डोळ्यासमोर आणा. गंगापूर रोडला राहणाऱ्या बाईला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. सुरगाण्याच्या पाड्यावरून रात्री घाट उतरून यायला किती, ते तुम्हीच मोजा. अशा ठिकाणी मी मनापासून आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलकडे झुकते, बारा खेपा पडत असल्या तरी.

हात

पॅक्लिटॅक्सेलचा त्रास बोटांत बसतो. मुंग्या, बधिरपणा, तळव्यांना कापूस लावल्यासारखं वाटणं. त्याच अभ्यासात आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये २७ टक्के महिलांना मध्यम ते तीव्र बधिरपणा आला, तीन आठवड्यांच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये २० टक्के, आणि डोसिटॅक्सेलमध्ये त्याहून कमी. बहुतेकांचा पुढे ओसरतो, काहींचा राहतो. शर्टाचं बटण लावता येत नाही, भाकरी थापताना तव्याचा चटका कळत नाही, असं झालं की लगेच सांगायचं. डोस कमी करता येतो, थांबवता येतो. सोसत राहिलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, आणि त्यात काही शौर्य नाही. मधुमेहामुळे पाय आधीच बधिर असतील तर हे पहिल्या भेटीतच बोला.

डोसिटॅक्सेल हातांना वेगळं छळतं. नखं काळी पडतात, उचलतात, तोंड येतं, डोळ्यांतून पाणी वाहत राहतं, पाय सुजतात. द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) जाणाऱ्या बायकांना नखांचा त्रास जड जातो, कारण उचललेल्या नखाखाली पाणी आणि औषध शिरतं. सलाईन चालू असताना गार हातमोजे घातले तर नखं वाचतात. तुमच्याकडे सोय आहे का विचारा. केस दोन्हीत जातात. परत येतात, पण डोसिटॅक्सेलनंतर पूर्ण न आल्याच्या नोंदी आहेत, हेही लपवू नये.

खेपा, शिरा, काढे

बारा खेपा म्हणजे बारा वेळा सोबत्याची मजुरी बुडते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी सोबतचा पुरुष पूर्ण भरतो. शिरा आधीच लाल केमोने कडक झाल्या असतील तर बारा वेळा टोचण्यापेक्षा पोर्ट, म्हणजे कातडीखाली बसवलेली, मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवून घेण्याबद्दल बोला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटताना कोणतं औषध, किती वेळा, हे लिहून न्या.

दोन्ही औषधं लिव्हरमधून बाहेर पडतात. रक्तात बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) वाढलेलं असेल तर डोसिटॅक्सेल देतच नाहीत, इतका तो धोका खरा आहे. म्हणूनच गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, कोणी दिलेली पुडी हे सगळं या बारा आठवड्यांत बंद ठेवा. गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. बुरशीच्या संसर्गावरच्या काही गोळ्या आणि काही अँटिबायोटिकही या औषधांचं अंगातलं प्रमाण वाढवतात, तेव्हा गावच्या डॉक्टरांना फाइल दाखवल्याशिवाय नवी गोळी नको.

नॅब-पॅक्लिटॅक्सेल या पॅक्लिटॅक्सेलच्याच वेगळ्या रूपाबद्दलही विचारणा होते. त्यात तो द्रावक नाही, स्टेरॉइडची गरज सहसा लागत नाही, अर्ध्या तासात संपतं. महाग आहे, बधिरपणा त्यातही येतो, आणि त्याचा डोस साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या डोसाशी बदलून चालत नाही. द्रावकाची मोठी रिअॅक्शन आली असेल तर त्याचा विचार जरूर व्हावा. एरवी त्यासाठी कर्ज काढावं असं मला वाटत नाही.

येवल्याच्या ताईंचा पेच खरा होता. हात सांगत होते डोसिटॅक्सेल घ्या: बोटांना धाग्याचा स्पर्शच कळला नाही तर माग कसा चालवणार? अंतर सांगत होतं पॅक्लिटॅक्सेल घ्या. आम्ही दोघी कॅलेंडर घेऊन बसलो. त्यांची बहीण पंचवटीत राहते. प्रत्येक डोसनंतर बारा दिवस बहिणीकडे, दुसऱ्या दिवशी पेशींचं इंजेक्शन, मग घरी, असं ठरलं आणि डॉक्टरांनी मान्य केलं. पहिल्या डोसच्या नवव्या दिवशी पहाटे चारला त्यांचा फोन आला, ताप १००.८. साडेचारला त्या दारात होत्या, रिक्षातून उतरतानाच बहीण म्हणाली, "केमो चालू आहे."