१४७ नगांचा घड्याळ दुरुस्ती संच: त्यातल्या १०८ नुसत्या पिना

दापोडीच्या एसटी वर्कशॉपात एकतीस वर्षं गिअरबॉक्स खोलले. रिटायर झालो आणि सहा महिन्यांत हात शिवशिवायला लागले. मुलीने हा संच ऑनलाइन मागवून दिला, साडेसातशे रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच काळी चेनवाली बॅग पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे.

१४७ नग वाचून वाटलं, अख्खं दुकानच घरी आलं. मोजायला बसलो तर १०८ निघाल्या पट्ट्याच्या पिना. बसचे नटबोल्ट मोजून तिची किंमत सांगावी, तसला प्रकार.

सेल आणि पट्टा एवढंच करायचं असेल, तर मात्र संच वाईट नाही. मागचं आटेदार झाकण उघडायचा तीन दातांचा पाना बरा आहे, स्टीलच्या पट्ट्याची कडी काढायचं यंत्र चालतं, छोटी हातोडीही ठीक. सोसायटीतल्या चौघांचे सेल बदलून दिले. साध्या क्वार्ट्झ घड्याळांत बऱ्याचदा ६२६ नंबरचा सेल निघतो, दोन-तीन आणून ठेवले की झालं.

खरी गोष्ट चावीच्या घड्याळापासून सुरू होते. रविवारी जुन्या बाजारातून दोन बंद एचएमटी आणल्या. एकीचा डायल कोरा करकरीत आणि आत गंज. डायल नव्याने रंगवून विकतात, परदेशातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात म्हणे. शिकायला मला चालतं. एचएमटीच्या कितीतरी मॉडेलांत मशीन एकच असतं, त्यामुळे एकीचा पार्ट दुसरीला बसतो.

संचातले स्क्रू ड्रायव्हर इथे उघडे पडले. लोखंड मऊ. दुसऱ्याच स्क्रूला टोक पिळलं आणि घसरताना ब्रिजवर (चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीवर) ओरखडा काढून गेलं. पातं खाचेच्या रुंदीएवढं हवं आणि तळापर्यंत टेकायला हवं. ही पाती जाड, वरच्या वर अडकतात. तेलाच्या दगडावर घासून पातळ केली, तर आठवड्यात पुन्हा वाकली. शेवटी ०.८, १.२ आणि १.६ मिलिमीटरचे तीन चांगले वेगळे घेतले. त्या तिघांचे पैसे संचापेक्षा जास्त झाले, पण आधी तेच घ्यायला हवे होते. चिमट्याचंही तेच. उजेडासमोर धरला तर टोकं जुळत नाहीत. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, मात्र वापरतोय.

माहितीपत्रक म्हणून एक चिठ्ठी आहे, तिच्यात सगळ्यात महत्त्वाचं तेवढं नाही. चावी भरलेलं मशीन तसंच खोलायचं नाही. चावी बोटांत धरायची, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा छोटा अडसर) मागे सारायची आणि चावी हळूहळू उलटी सोडत स्प्रिंग मोकळी करायची. तसं न करता पॅलेट (चाकांना टिकटिक करत अडवणारा भाग) काढलं, की चाकं एकदम सुसाट फिरतात आणि दात किंवा पिव्हट, म्हणजे आसाचं बारीक टोक, जातो. ताणलेली स्प्रिंग काय करते हे मला ब्रेकच्या कामात कळलं होतं, म्हणून वाचलो.

वाचलो नाही ते दुसऱ्या बाबतीत. एक स्क्रू उडाला. वर्कशॉपातली सवय, स्पीकरचं चुंबक घेऊन टेबल झाडलं. स्क्रू सापडला. पण मशीन तिथेच उघडं होतं! जोडल्यावर घड्याळ तासाला चार मिनिटं पुढे पळायला लागलं. हेअरस्प्रिंगमध्ये (केसासारख्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये) चुंबकत्व शिरलं, की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्स, म्हणजे मागेपुढे हलणारं चाक, घाईत हलतो. मग चुंबकत्व घालवायचं निळ्या डबीचं डिमॅग्नेटायझर आणावं लागलं: घड्याळ वर ठेवा, बटण दाबा, दाबलेलंच ठेवून घड्याळ हातभर वर उचला, मग बटण सोडा. दोनदा केल्यावर ठीक झालं. आता काम करतो ते परातीत पांढरा पंचा अंथरून. स्क्रू उडाला तरी परातीतच राहतो. बायकोने त्या परातीत कणीक मळणं सोडलंय, तो विषय वेगळा.

तेल संचात नाही, हे बरंच झालं. घरातलं शिवणयंत्राचं तेल घालू नका, ते पसरत जातं. घड्याळाचं तेल छोट्या बाटलीत येतं आणि महाग असतं, पण प्रत्येक माणकाला (आसाची टोकं ज्यात फिरतात त्या खड्याला) सुईच्या टोकाएवढंच लागतं. हेअरस्प्रिंगला अजिबात नाही.

पहिली एचएमटी आता चालते, दिवसाला दोनेक मिनिटं मागे पडते. दुसरी बर्फाच्या ट्रेमध्ये कप्प्याकप्प्यात पडली आहे, प्रत्येक टप्प्याचा फोटो फोनमध्ये आहे.

पाचपैकी दोन तारे. नुसता सेल बदलायचा असेल तर साडेतीन धरा. आणि पट्ट्याच्या पिना कुणाला हव्या असतील तर सांगा, १०४ शिल्लक आहेत.