हमिंगबर्ड फीडर, कोथरूडच्या बाल्कनीत सहा महिने वापरून

सगळ्यात आधी सांगते, खोक्यावर हमिंगबर्डचं चित्र असलं तरी भारतात हमिंगबर्ड नाहीत, ते फक्त अमेरिका खंडात. सोसायटीच्या ग्रुपवर 'हमिंगबर्ड आला' म्हणून जे फोटो फिरतात ते शिंजीर, म्हणजे आपले सूर्यपक्षी.

तरी हा फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवायचं टांगतं भांडं, घेतला, कारण लेक ह्यूस्टनला असते आणि मागच्या डिसेंबरात तिच्या अंगणातल्या फीडरवर रुफस हमिंगबर्ड आला, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नव्हतं. तिकडचे नेहमीचे रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड थंडीआधी बहुतेक मेक्सिको, मध्य अमेरिकेकडे निघून जातात, आणि हा तांबूस नारिंगी पठ्ठ्या, वजन जेमतेम ३-४ ग्रॅम, वीण पार अलास्कापर्यंत, तो ऐन थंडीत तिच्या दारात! तिने फीडर काढला नव्हता म्हणून दिसला. फीडर ठेवला की पक्षी स्थलांतर करत नाहीत असं लोक म्हणतात ते खरं नाही, दिवस लहान व्हायला लागला की ते निघतातच.

आता वस्तूबद्दल. आधी मी उलट्या बाटलीचा स्वस्तातला घेतला होता, तो घेऊ नका. दुपारचं ऊन पडलं की बाटलीतली हवा फुगते आणि साखरपाणी टपटप खाली, खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर डाग पडले, फार वाईट वाटलं मला. हा दुसरा बशीसारखा आहे, भोकं वर झाकणाला, त्यामुळे गळत नाही. मधे मुंग्यांसाठी पाण्याची वाटी आहे, ती एक दिवस भरायची राहिली की रांग थेट आत. झाकण पूर्ण निघतं, जुन्या टूथब्रशने भोकं घासता येतात, आणि हे फार महत्त्वाचं कारण तिथेच काळी बुरशी धरते. सोबतची लाल पावडर टाकून द्या. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, बास. मध नको, गूळ नको, रंग तर नकोच. थंडीत दोन दिवसांनी बदलते, मार्चपासून रोज.

एक स्टार कापला तो कडेसाठी. सूर्यपक्ष्यांना हमिंगबर्डसारखं हवेत थांबून प्यायची सवय नाही, टेकायला लागतं, आणि कडा गुळगुळीत प्लास्टिकची, पाय सटकायचे. मी सुतळी गुंडाळली, मग नीट बसायला लागले.

पहिले तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग हमेलियाच्या कुंडीशेजारी टांगला आणि चौथ्या दिवशी सकाळी एक आला, पिवळं पोट, गळ्यापासून खाली मधोमध गडद पट्टी. मला वाटलं कुठला तरी लांबचा पाहुणा! शेजारचे दादा पक्षीनिरीक्षण करतात, त्यांनी फोटो बघून सांगितलं, काकू हा जांभळा सूर्यपक्षीच, नर आहे, वीण संपली की असा दिसतो. फेब्रुवारीत बहुतेक तोच अख्खा निळा-जांभळा होऊन आला, उन्हात काय चमकत होता!

फीडर भरलेला असला तरी तो आधी हमेलियाच्या फुलांवर जातो. हे झाड मूळचं अमेरिकेतलंच, तिकडे त्याच्यावर हमिंगबर्ड येतात. त्यामुळे जागा एकाच गोष्टीची असेल तर आधी कुंडी घ्या, फीडर नंतर.

सध्या मादी कपड्यांच्या दोरीवर घरटं विणतेय, कोळ्याची जाळी चोचीत घेऊन येते, म्हणून मी बाल्कनीतली जाळी काढणं बंद केलंय आणि फीडर दुसऱ्या टोकाला सरकवलाय.